वाचून दाखविले, बरोबर आहे

ऑस्ट्रेलियाहून परतल्यावर आमच्या तालुक्याच्या गावी माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, दोन भाषणे. त्या आठवड्याच्या साप्ताहिकात पहिल्या पानावर माझे छायाचित्र आले व त्याखाली मथळा होता : 'पॅलेस्टाइनच्या संकटग्रस्त कुटुंबास आपल्या अर्जनवीसांचा आधार'. त्या बातमीचा मजकूर मीच लिहून दिला होता. त्यात असत्य असे एकही वाक्य नव्हते. मात्र एक प्रसंग गाळलेला होता, आणि तो गाळल्यामुळे बाकीचा सगळा मजकूर खोटा झाला होता.

मी गेली एकतीस वर्षे तहसील कचेरीच्या आवारात, झेरॉक्सच्या दुकानाला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून लोकांचे अर्ज लिहितो. शिक्षण नववी नापास. तथापि तालुक्यातील वकीलही मजकुरासाठी माझ्याकडे माणूस पाठवतात, हे मी पूर्वी भेटेल त्याला सांगत असे. परत आल्यापासून लोक मला कांगारूविषयी विचारतात. कांगारू मी पाहिला. तो कुंपणापलीकडे आडवा होऊन झोपला होता. जे कोणी विचारले नाही, ते येथे लिहीत आहे.

विमानातील कार्ड

सिडनीला उतरण्यापूर्वी विमानात प्रत्येकास एक कार्ड भरावयास देतात. माझ्या शेजारच्या आसनावर सांगलीकडच्या एक आजी होत्या. त्यांनी ते कार्ड उलटसुलट करून पाहिले व माझ्याकडे दिले. मी खिशातून पेन काढले. पेन दिसताच मागच्या रांगेतील तिघांनीही आपापली कार्डे पुढे केली. परक्या देशाच्या उंबरठ्यावर आपली विद्या उपयोगी पडते आहे, या समाधानात मी सर्वांची कार्डे सुवाच्य अक्षरात भरली. इंग्रजी मला रकान्यापुरते येते. 'खाद्यपदार्थ जवळ आहेत काय?' या प्रश्नासमोर मी सर्वांच्या नावे 'नाही' अशी खूण केली. कबुली जितकी कमी तितका कागद लवकर सुटतो, हा माझा कचेरीतील अनुभव.

तपासणीच्या टेबलावर आजींच्या पिशवीतून डिंकाच्या लाडवांचा डबा निघाला. सून बाळंतीण होती. तेथील अधिकारी बाईने ते लाडू हातमोजे घातलेल्या हाताने पिंपात टाकले, आजींना पाऊण तास थांबवून ठेवले व समज देऊन सोडले. बाहेर पडताना आजी मला म्हणाल्या, "अहो, लिहायच्या आधी एकदा विचारायचं तरी होतंत मला!"

ही गोष्ट मी मुलीला व जावयाला गाडीत विनोद म्हणून सांगितली. जावई हसले. मुलगी हसली नाही.

केलीव्हिल

माझी मुलगी प्राजक्ता व जावई अमोल सिडनीच्या केलीव्हिल भागात राहतात. तेथे एकसारखी घरे, एकसारखी अंगणे, आणि रस्त्यावर माणूस म्हणून नाही. माणसे गाडीतून बाहेर पडतात व गाडीतूनच घरात शिरतात. सकाळी पांढरे काकाकुवे विजेच्या तारेवर बसून असे किंचाळतात, की बाजार समितीत लिलाव सुरू झाल्याचा भास होतो. मे महिना होता. आमच्याकडे या दिवसांत शेडचा पत्रा हात लावू देत नाही. तेथे मी दोन स्वेटर घालून बसलो होतो. जावई दिवसभर वरच्या खोलीत लॅपटॉपशी बोलत व संध्याकाळी खाली येऊन भांडी घासत. पहिल्या दिवशी मी तोंड फिरवून बसलो. चौथ्या दिवशी पुसायचे फडके हातात घेतले.

एके दिवशी नगरपालिकेची गाडी आमचा कचऱ्याचा डबा न उचलताच गेली. मी तातडीने कागद घेतला व 'मा. आयुक्त साहेब यांचे सेवेशी' असा तक्रार अर्ज तयार केला. अमोलनी तो आदराने वाचला.

"बाबा, जबरदस्त आहे. पण ॲपवर एक बटण दाबलं की झालं. उद्या येतील. नो वरीज."

दुसऱ्या दिवशी ते आले. त्या देशात अर्जनवीसाचे काहीच काम नाही हे पाहून मी खट्टू झालो, आणि पुढे जे घडले त्याची सुरुवात या खट्टूपणात आहे.

प्राजक्ता शनिवारी एका लहानशा संस्थेत जाते. पॅलेस्टिनी कुटुंबांना मदत करणारी ही संस्था आहे व तेथे सर्वजण बिनपगारी काम करतात. त्यांचे काम दोन प्रकारचे. एक तातडीचे : पीठ, पाणी, ताडपत्री, औषध. दुसरे वर्षानुवर्षे चालणारे : पाण्याच्या टाक्या, बायकांची शिवणशाळा, मुलांचे वर्ग, जैतुनाची रोपे. गाझातील कुटुंबाचे नातेवाईक सिडनीत असतील तर त्यांनी एक पत्र द्यायचे. ते पत्र सभेत वाचले जाते व सभासदांचा एखादा गट त्या कुटुंबाचे काम अनेक वर्षांसाठी अंगावर घेतो.

प्राजक्ता म्हणाली, "बाबा, एका आंटींचं लेटर लिहायचंय. माझी मैत्रीण आहे ना रीमा, तिची आई. रीमाला वेळच नाही, एज्ड केअरमध्ये शिफ्टला असते. मी लिहिणार होते, पण मला असलं नीट जमत नाही."

"लेटर काय? अर्ज म्हण," मी म्हणालो व चष्मा पुसला.

ग्रॅनव्हिल

जाताना आम्ही हॅरिस पार्कला थांबलो. तेथे कढीपत्त्याची जुडी आहे, पेढे आहेत, पानाचे दुकान आहे. एका दुकानदाराने मला "बोला काका" म्हटले तेव्हा क्षणभर मी सिडनीत आहे हे विसरलो. तेथून एकाच स्टेशनाच्या अंतरावर ग्रॅनव्हिल. तेथे पाट्या अरबी, भाजलेल्या पावाचा वास, आणि दुसऱ्या मजल्यावर रीमाचे भाड्याचे घर.

प्राजक्ता खाली गाडी लावत होती, म्हणून मी एकटाच वर गेलो. दार रीमाच्या आईने उघडले. वय माझ्याएवढेच, पन्नाशीच्या पुढचे. काळा झगा, डोक्यावर पांढरा रुमाल, पायांत जाड लोकरी मोजे. छातीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "अबू ब्राजक्ता! अहलन!" 'अबू ब्राजक्ता' म्हणजे 'या, बसा' असे काहीतरी असावे असे मी धरून चाललो व बसलो.

जेवण आधी झाले. भलेमोठे पातेले परातीवर उपडे करून त्यांनी त्याच्या बुडावर चमच्याने टकटक केले, आणि पातेले उचलले तर आत भात, वांगी, फ्लॉवर आणि कोंबडी यांचा उभा बुरूज. आपल्याकडे वाटीने वरणभाताची मूद पाडतात, तीच कला, पण अख्ख्या घराची एकच मूद. नंतर मरमिया नावाचा खरखरीत पाला घातलेला चहा आला. मी कागदपत्रांचा माणूस आहे असे प्राजक्ताने सांगितल्यावर त्यांनी कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला सासऱ्यांच्या जमिनीचा कागद आणून दाखवला. अक्षर कळले नाही, पण शिक्का कळला. घडीवर फाटू नये म्हणून मागून कापड चिकटवले होते. मीही माझ्या वडिलांचा सातबारा तसाच ठेवला आहे.

मग काम सुरू झाले. त्या अरबीत बोलत, रीमा ते इंग्रजीत सांगे, प्राजक्ता मराठीत आणी व मी लिहून घेई. येथून पुढचे त्यांचे बोलणे मी मराठीतच देतो.

संस्थेच्या कागदावर रीमाने आईचे नाव आधीच भरून ठेवले होते : उम्म खलील. माझ्या डोळ्यांनी ते नाव तिथल्या तिथे फोडले. आपल्याकडे बाईचे नाव लिहिताना आधी तिचे, मग नवऱ्याचे, मग आडनाव. उम्म हे तिचे, खलील हे नवऱ्याचे. आडनाव लिहायचे राहिले असेल. हजारो नावे भरलेल्या माणसाला यात विचारण्यासारखे काय होते?

त्यांनी सांगितले, की नवरा चार वर्षांपूर्वी मूत्रपिंडाच्या आजाराने गेला. मुलगा, सून आणि दोन लहान नाती तिकडेच, तंबूत. मुलगा एका सकाळी पलीकडच्या वस्तीत पिठाची चौकशी करायला गेला, तेव्हापासून कित्येक महिने त्याचा फोन नाही. सून हनान गणिताची शिक्षिका. तंबूंच्या मधल्या जागेत ती खोक्याच्या पुठ्ठ्यावर कोळशाने आकडे काढून मुलांना शिकवते. पोरे आपणहून जमतात. तिला वर्ग चालवायचा आहे.

मुलाविषयी बोलताना त्या थांबल्या व रीमाला काही म्हणाल्या.

"आई म्हणते," रीमा म्हणाली, "माझ्या मुलाला कुठल्याच रकान्यात घालू नका. आहे असंही लिहू नका, नाही असंही लिहू नका. आम्ही वाट पाहतोय, एवढंच लिहा."

मी मान डोलावली. मनात म्हणालो, असा रकाना कुठल्याही कचेरीत नसतो.

स्वयंपाकघरातील टेबल

त्याच संध्याकाळी केलीव्हिलला मी अर्ज लिहावयास बसलो. माझ्या अक्षरातला तो कागद अजून माझ्याजवळ आहे. सुरुवात अशी :

'मयत खलील यांची विधवा पत्नी श्रीमती उम्म हिचा विनंती अर्ज. कारणे अर्ज सादर करते की, अर्जदार ही निराधार, अशिक्षित व अबला असून तिचा मुलगा बेपत्ता आहे व तिची सून दोन अज्ञान मुलींसह दोन वेळच्या अन्नास महाग झाली आहे…'

सून शिक्षिका असल्याचे मी जाणूनबुजून गाळले. अर्जदाराच्या घरात कोणी शिकलेले आहे असे दिसले, की आमच्याकडचा कारकून शेरा मारतो : काम करू शकते, सबब मदतीची गरज नाही. माझ्या शेडमध्ये येणारी प्रत्येक बाई मी कागदावर अबला करून पाठवली आहे. त्यातल्या निम्म्या मला उभे विकत घेतील अशा होत्या.

प्राजक्ता इंग्रजी करत होती. "बाबा, हे 'अबला' फार ऑड वाटतं इंग्रजीत. आणि हनानच्या वर्गाचं काय? आंटी तेच तर मागत होत्या."

"आधी पोट, मग पाढे. बसव तो शब्द."

"आणि रीमाचा मेसेज आलाय. पाठवण्याआधी मामाला, म्हणजे आंटींना, एकदा वाचून दाखव म्हणतेय. उद्या जाऊ या का? शेवटची तारीख सोमवार आहे, अजून तीन दिवस आहेत."

मी कागदाच्या तळाशी बोट ठेवले. तेथे माझ्या प्रत्येक अर्जाच्या शेवटी असते ती ओळ होती : 'वरील मजकूर अर्जदारास वाचून दाखविला, तो बरोबर आहे.'

"वाचून दाखवला आहे," मी म्हणालो.

"कधी?"

"ते लिहायचं असतं. एकतीस वर्षं लिहितोय. तू पाठव."

तिने माझ्याकडे पाहिले आणि पाठवला. वडिलांना उलट बोलायची सवय मीच तिला लागू दिली नव्हती.

सभागृह

सभा त्या सोमवारनंतरच्या रविवारी सकाळी, पॅरामॅटाजवळच्या एका सार्वजनिक सभागृहात होती. तीसेक माणसे, घड्यांच्या खुर्च्या, मागे चहाचा मोठा थर्मास. अध्यक्ष मार्गारेट नावाच्या, पांढऱ्या केसांच्या निवृत्त परिचारिका. सभा सुरू करताना त्या उभ्या राहिल्या व ही जमीन ज्यांची मूळची आहे त्या आदिवासी लोकांना वंदन केले. तेथे प्रत्येक सभेत असे करतात.

मी अमोलना हळूच विचारले, "मूळ मालक म्हणून कबुली दिली, मग सातबाऱ्यावर नाव कोणाचं?"

"बाबा, हळू," अमोल म्हणाले. "आणि चांगला प्रश्न आहे."

रीमा व तिची आई पहिल्या रांगेत होत्या. मार्गारेट एकेक पत्र वाचत. रीमा आईच्या कानाशी अरबीत सांगत जाई. आमचा अर्ज तिसरा. मी कोट घातला होता. टाळ्या झाल्यास उठून नमस्कार करावा की बसूनच, याचा विचार माझ्या मनात चालू होता, हेही येथे लिहिले पाहिजे.

मार्गारेटनी पहिली ओळ वाचली. त्यातले 'खलील' एवढे मला कळले. रीमा बोलता बोलता थांबली. आईने तिच्याकडे पाहिले. इंग्रजी त्यांना येत नव्हते, पण ते नाव ऐकू आले होते. त्यांनी काहीतरी विचारले. पुन्हा विचारले. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरच्या एका अरबी म्हाताऱ्या बाई उठल्या, त्यांनी रीमाच्या आईच्या खांद्यावर हात ठेवला व म्हणाल्या, "अल्लाह यरहमो." देव त्याच्यावर दया करो. मेलेल्या माणसासाठी हे म्हणतात. त्यांचे पाहून बाजूच्या बाया उठल्या. मार्गारेटनी वाचन थांबवले. संस्थेच्या सभेत, संस्थेच्या कागदावरून वाचले गेले, म्हणजे बातमी आलीच असणार, असे त्या सर्वांना वाटले.

येथील एक ओळ खोडली आहे. खोडण्याचे कारण शेवटी दिले आहे.

रीमा खुर्च्यांतून वाट काढत आमच्याकडे आली. "तुम्हाला कोणी सांगितलं? फोन आला का कोणाचा? खलील गेला हे कोणी सांगितलं?"

प्राजक्ता गोंधळली. "तुझे वडील ना? आंटींनीच सांगितलं, चार वर्षांपूर्वी…"

"खलील माझा भाऊ आहे! उम्म म्हणजे आई. उम्म खलील, खलीलची आई!"

प्राजक्ताने माझ्याकडे वळून तेच मराठीत सांगितले. आणि मी, सर्वांसमोर, माझ्या मुलीला मोठ्याने म्हणालो, "तू इंग्रजीत काय करून ठेवलंस?"

यासाठीच हा सारा मजकूर लिहिला आहे. बाकी चूक अज्ञानाची होती. हे वाक्य अज्ञानाचे नव्हते.

प्राजक्ता रीमाबरोबर पुढे धावली. ती चूक आहे, बातमी नाही, कोणतीही बातमी आलेली नाही, हे आईपर्यंत पोहोचायला तीन-चार मिनिटे लागली. तितका वेळ त्या बाईंचा मुलगा माझ्या अक्षरामुळे मेलेला होता.

परतताना गाडीत, केलीव्हिलच्या वळणावर, अमोल म्हणाले, "बाबा, मी मराठी कागदही वाचलाय. तिने शब्दाला शब्द ठेवलाय."

पुन्हा ग्रॅनव्हिल

दोन दिवस मी माझ्या खोलीतून फारसा बाहेर आलो नाही. माझी आई मला सारखी आठवत होती. गल्लीत तिला कोणी तिच्या नावाने हाक मारली नाही. ती जन्मभर 'दत्त्याची आई' होती. दत्त्या म्हणजे मी. तिच्या शेवटच्या आजारात दवाखान्याचा कागद भरायला आला, तेव्हा शेजारची बाई म्हणाली, "अरे, त्यांचं नाव काय रे?" ज्या घरात ही पद्धत चालली त्या घरातला मुलगा मी, आणि मला 'खलीलची आई' वाचता आले नाही. आणि 'अबू ब्राजक्ता' म्हणजे 'या, बसा' नव्हे, प्राजक्ताचे वडील. अरबीत 'प' नाही, म्हणून 'ब्राजक्ता'. दार उघडताच त्या बाईंनी मला माझ्या मुलीच्या नावाने मान दिला होता, आणि त्याच मुलीला मी सभागृहात पुढे ढकलले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी प्राजक्ताला म्हणालो, "चूक माझी होती. तुझी नव्हती."

ती डबा भरत होती. "माहितीये मला," ती म्हणाली. डब्याचे झाकण लावून म्हणाली, "सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतंत."

हॅरिस पार्कच्या मिठाईच्या काचेसमोर मी बराच वेळ उभा राहिलो. पेढे आनंदाच्या बातमीला देतात. अशा कामाला आपल्याकडे कोणता जिन्नस नेतात, मला ठाऊक नाही. रिकाम्या हाताने गेलो.

दार रीमाने उघडले. तिने मला पहिल्या भेटीसारखे 'अंकल' म्हटले नाही. तिची आई स्वयंपाकघरात होती. पाठमोरीच काही बोलली.

"आई विचारतेय, चहा घेणार ना?"

चहा आला. माझ्या समोर, मला दिसेल असे, त्या बाईंनी पेल्यात साखर घातली. एक चमचा, दुसरा, तिसरा. प्राजक्ता कुजबुजली, "बाबा, तुमची शुगर…"

रीमा म्हणाली, "आमच्यात माणूस गेला की घरी कडू कॉफी देतात. बिनसाखरेची. रविवारपासून शेजारच्या बायका विचारायला येतायत. आई प्रत्येकीला असाच चहा देते."

मी तो पेला संपवला. त्यांनी पुन्हा भरला. तोही संपवला. मग मी उभा राहून, हात जोडून, प्राजक्ता आणि रीमा दोघींसमोर सांगितले, की मी न विचारता लिहिले, वाचून न दाखवता 'वाचून दाखविले' असे लिहिले, आणि मग दोष माझ्या मुलीवर टाकला. प्राजक्ताने हे इंग्रजीत करताना शेवटचे वाक्य गाळले, असे मला वाटले. मी तिला म्हणालो, "शब्दाला शब्द ठेव." तिने ठेवला.

खलीलच्या आईने ऐकून घेतले. माफ केले असे त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "अबू ब्राजक्ता, बसा. पुन्हा लिहा. माझ्या नातींचं काम अडलंय."

मार्गारेटनी तो अर्ज बाजूला ठेवला होता व नवे पत्र पुढच्या सभेत घेण्याचे कबूल केले होते. पण जुन्या कागदावरून कोणीतरी हनानचे नाव केवळ पिठाच्या यादीत चढवले होते. अशिक्षित निराधार विधवेच्या घराला पीठ मिळते, वर्ग मिळत नाही. माझ्या शब्दांनी तेवढे काम चोख केले होते.

मी ओळ लिहायची, मोठ्याने वाचायची. प्राजक्ताने इंग्रजीत, रीमाने अरबीत. 'निराधार' शब्दाशी गाडी अडली.

"आई विचारते, हा शब्द कशासाठी? आधार नाही असं कोण म्हणालं? हनान आहे ना."

खोडला.

"'अशिक्षित' कोण? आई बारावीपर्यंत शिकलीये." रीमाला पहिल्यांदा हसू आले. "अंकल, तुम्ही किती शिकलाय?"

"नववी," मी म्हणालो. 'नापास' हेही सांगितले. प्राजक्ताने ते सांगितल्यावर खलीलच्या आई पहिल्यांदा मोठ्याने हसल्या व रीमाला काही बोलल्या.

"आई म्हणते, मग अशिक्षित हा शब्द तुमच्याकडेच ठेवा."

तोही खोडला. दुपार होईपर्यंत कागदावर माझे असे फार थोडे उरले. पुठ्ठ्यावरचे आकडे आले, जमणाऱ्या मुलांची वये आली, लिहायला दोन काळे फळे, सावलीला छप्पर, मदतीला आणखी एक शिक्षिका आली, आणि दहा वर्षांनी थोरल्या नातीला आर्किटेक्ट व्हायचे आहे हेही आले, जे मी पहिल्या भेटीत विचारलेच नव्हते. मुलाविषयी एकच ओळ : 'माझा मुलगा खलील याची आम्ही वाट पाहत आहोत.' ती त्यांनी तीन वेळा वाचून घेतली. शेवटी मी सवयीने ती नेहमीची ओळ लिहिली. त्यांनी तिच्यावर बोट ठेवून विचारले, हे काय. रीमाने अर्थ सांगितला.

"अजून नाही," त्या म्हणाल्या. "पुन्हा पहिल्यापासून वाचा."

मी वाचले. मग त्यांनी सही केली.

शेड

मी परतल्यानंतर हनानच्या वर्गाचे काम सभासदांच्या एका गटाने अंगावर घेतले. प्राजक्ताने फोटो पाठवला : प्लास्टिकचे छप्पर, खाली काळा फळा, फळ्यावर अपूर्णांक. सत्काराच्या दिवशी मी एवढेच सांगितले व साप्ताहिकाला एवढेच लिहून दिले. खलीलविषयी अद्याप काही कळलेले नाही.

शेडमध्ये आता मी प्रत्येक अर्ज वाचून दाखवतो. रांग लांबते. गिऱ्हाईक म्हणते, "भाऊसाहेब, द्या ना अंगठा मारून, बस चुकेल." काहींची बस चुकते. परवा एक बाई ऐकता ऐकता म्हणाल्या, "हे गरीब, दुबळी वगैरे कोण? मी?"

हे प्रवासवर्णनही मी तसेच केले. दोन रविवार फोनवर मी ते प्राजक्ताला वाचून दाखवले, तिने रीमाला, रीमाने आईला. काही आक्षेप असेल असे मला वाटले होते, निदान माझ्याविषयी. त्यांनी सगळे ऐकले आणि सभागृहातल्या एकाच ओळीला हरकत घेतली.

"बाया उठल्या तेव्हा मी रडले, असं तुम्ही लिहिलंय. ते काढा. खलील आल्यावर हे वाचेल. त्याला वाटेल, आईने मानलं होतं."

ती ओळ मी खोडली आहे व खोडल्या जागी सही केली आहे. बाकीचा मजकूर वाचून दाखविला. तो बरोबर आहे, असे खलीलच्या आई म्हणाल्या.